ब्रासचा हिशेब, माणसाचा नाही

आपल्या वसई तालुक्याच्या उत्तरेस वैतरणेची खाडी आणि दक्षिणेस उल्हास नदीची. विरार-नालासोपाऱ्याच्या ज्या इमारतींचा आपणांस अभिमान वाटतो, त्यांतील कित्येकींच्या भिंतींत खाडीची रेती आहे. ती तळातून वर कशी येते, याचा विचार आपण सुशिक्षित म्हणवणारे क्वचितच करतो.

होडी नांगरून तळापर्यंत लांब बांबू रोवतात. त्याला धरून डुबीवाला बालदीसह खाली जातो आणि श्वास रोखून ती भरतो. वरचे सोबती ती दोराने ओढून घेतात. पाणी गढूळ, सारे काम हाताच्या स्पर्शावर. हवेची नळी नाही, मुखवटा नाही.

३३ फुटांवर शरीरावरील दाब दुप्पट होतो. पण कानाचा पडदा त्याच्या कितीतरी आधीच ताणू लागतो. तो फाटून गार पाणी आत शिरले की भोवळ येते, वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासे होते. वर येताना रक्तातील प्राणवायू एकदम कमी पडून शुद्ध हरपू शकते. बहिरेपण तर इतके हळू येते की त्याचा बोभाटाही होत नाही.

याच अरबी समुद्रात १९७४ साली ‘बॉम्बे हाय’ला तेल सापडले. तिथल्या पाणबुड्यांसाठी दाबकक्ष असतो, वैद्यकीय तपासणी असते, प्रत्येक बुडीच्या वेळेची नोंद असते. तिथेही अपघात होतात. परंतु माणूस निदान नोंदीत तरी असतो. आमच्या खाडीत मोजली जाते ती ब्रासने रेती!

सक्शन पंपापेक्षा डुबी बरी, असे पर्यावरणाच्या दृष्टीने म्हणतात, आणि ते खरेही आहे. वैतरणेच्या रेल्वे पुलांना धोका नको म्हणून त्यांच्याजवळ रेती काढण्यास बंदीचे हुकूम निघतात, तेही योग्यच. खाडीचा विचार झाला, पुलाचा झाला; मग डुबीवाल्याच्या कानाचा का होऊ नये?

कोणी म्हणेल, तो आपखुशीने येतो, मजुरीही बरी मिळते. पण ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही, त्याच्या खुशीला खुशी म्हणावे काय? धंदा बंद करा, असे माझे म्हणणे नाही. तसे केल्यास चूल त्याचीच विझेल. परवाना देतानाच खोलीची व दिवसभरातील बुड्यांची मर्यादा, कानांची तपासणी, विमा आणि प्रत्येक डुबीवाल्याचे नाव असलेली नोंदवही या अटी घालाव्यात, एवढेच मागणे आहे.

आणि मित्रहो, आपणही हात बांधून बसू नये. राष्ट्रीय सेवा योजनेचे एखादे शिबिर रेती बंदरावर भरवावे, कानाच्या डॉक्टरांना सोबत न्यावे. प्राध्यापक मंडळींनी हे मनावर घेतले, तर येत्या वर्षीच ते घडू शकेल.