अट मोडल्याचा आरोप आणि जामिनाचा हक्क

अमेरिकेत फेलनी म्हणजे साधारणपणे एक वर्षाहून अधिक कैदेस पात्र असा गुन्हा. त्यात दोषी ठरलेल्याला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली, अटींवर मोकळे ठेवणे म्हणजे प्रोबेशन. अट मोडल्याचा आरोप आला की त्याला पुन्हा अटक होऊ शकते. संघीय कायद्यानुसार सबळ कारण असल्यास वॉरंटही लागत नाही. पुढे जामीन हवा असेल तर आपण पळणार नाही आणि आपल्यापासून कोणाला धोका नाही, हे स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने त्यानेच दाखवायचे, असे संघीय फौजदारी प्रक्रियेचा नियम 32.1 सांगतो.

या तरतुदीचे समर्थक म्हणतात की दोष सिद्ध झालेला आहे, प्रोबेशन ही न्यायालयाची मेहेरबानी आहे, मग जामिनाचा हक्क कसला? पण सिद्ध झाला तो जुना गुन्हा. अट मोडली की नाही, हे अजून ठरायचेच असते. मेहेरबानीचा मुद्दाही सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये गॅग्नन विरुद्ध स्कारपेली खटल्यात खोडून काढला आणि प्रोबेशन रद्द करण्यापूर्वी प्राथमिक व अंतिम अशा दोन सुनावण्या आवश्यक ठरवल्या. मात्र अंतिम सुनावणीपर्यंत माणूस कोठडीतच राहिला, तर आरोप खोटा ठरूनही त्याची नोकरी आणि भाड्याचे घर गेलेले असते. तेही कित्येकदा अधिकाऱ्याची एक भेट चुकली किंवा शुल्क थकले म्हणून! जॉर्जियात प्रोबेशनवर असलेल्या बेअर्डन नावाच्या माणसाला 500 डॉलर दंड आणि 250 डॉलर भरपाई होती. नोकरी गेली, हप्ते थकले, तुरुंग वाट्याला आला. ऐपत होती का, हे न तपासता असे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये बजावले.

सार्वजनिक सुरक्षेचा आक्षेप मात्र खरा आहे. हिंसक गुन्हेगारांच्या एका वर्गाला सुनावणीपर्यंत कोठडीतच ठेवण्याचा कायदा फ्लोरिडाने 2007 मध्ये केला. पण केवळ पैसे थकल्याचा आरोप त्यातूनही वगळला. इतका कडक कायदा हा भेद करू शकतो, तर सगळ्यांना एकाच मापाने मोजण्याचे कारण उरत नाही.

म्हणून सुटका हा नियम आणि कोठडी हा अपवाद असावा. अपवादाचे कारण सरकारने दाखवावे. कॅलिफोर्नियाने 2022 पासून हीच दिशा धरली: सुटकेच्या कोणत्याही अटींनी जनतेचे रक्षण आणि आरोपीची हजेरी साधणार नाही असे पुराव्याने दिसल्याखेरीज फेलनीच्या प्रोबेशनवरील माणसाची सुटका नाकारता येत नाही. भारताच्या 1958 च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्यातील कलम 9 सुद्धा अशा वेळी कोठडी किंवा जामीन, दोन्ही वाटा न्यायालयाला मोकळ्या ठेवते. जामिनासाठी जामीनदार हवाच, असेही ते म्हणत नाही.