जाड भिंतींचा भ्रम : ‘चेसिसची गाडीच मजबूत’ या समजुतीचा इतिहास

१/
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सास्तूर आणि आज लोहारा तालुक्यात असलेल्या इतर गावांतील जी घरे पाडली, त्यांच्या भिंती पातळ नव्हत्या. दोन-दोन फूट आणि त्याहूनही जाड होत्या. जाड म्हणूनच त्या भक्कम मानल्या गेल्या होत्या. तोच तर्क आज मोटारींबाबत मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो आणि तो तितकाच चुकीचा आहे.

२/
त्या भिंतींत दगडांचे दोन थर असत, मधे माती आणि चिपा. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड क्वचितच घातलेले. हादरा बसताच थर एकमेकांपासून फाकले आणि त्यांच्यासोबत माळवदाची मातीही खाली आली. पुढे दुरुस्तीच्या सूचनांत भर होता तो आरपार दगडांवर आणि भिंतींना चहूबाजूंनी कवटाळणाऱ्या आडव्या पट्ट्यांवर. उणीव जाडीची नव्हती, सांध्यांची होती.

३/
आता मोटारीकडे. गावोगावी ऐकू येणारे विधान असे : ‘चेसिसची गाडी म्हणजे लोखंड, मोनोकॉक म्हणजे पत्र्याचा डबा.’ चेसिसच्या गाडीत शिडीसारखा सांगाडा भार वाहतो आणि त्यावर बॉडी बोल्टने बसवलेली असते. मोनोकॉकमध्ये तळ, उंबरे, खांब आणि छप्पर एकत्र वेल्ड होऊन स्वतःच सांगाडा बनतात.

४/
या विधानाचा उगम शोधण्यासारखा आहे. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली, ती शिडी-चेसिसवर. ट्रक तसेच. १९९४ ची टाटा सुमो तशीच. मराठवाड्याच्या कच्च्या रस्त्यांवर क्षमतेच्या दुप्पट प्रवासी वाहणारी काळी-पिवळीही बहुधा याच घडणीची. ती टिकली हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. निरीक्षण खरे होते, निष्कर्ष चुकला.

५/
चुकला, कारण तीन वेगळे गुण एकाच शब्दात कोंबले गेले. ओझे वाहून न मोडणे ही मजबुती. पिळले असता आकार न सोडणे हा ताठपणा. धडकेत प्रवाशांभोवतीची जागा शाबूत ठेवणे ही सुरक्षितता. ट्रकचा सांगाडा पहिल्या गुणात श्रेष्ठ आहे. दुसऱ्यात तो मुद्दाम दुबळा ठेवलेला असतो, कारण खडबडीत जमिनीवर त्याने थोडे पिळावे अशीच अपेक्षा असते.

६/
पडताळा घरबसल्या घेता येतो. वहीचा कागद गुंडाळून नळी करावी. कड मोकळी ठेवली तर ती दोन बोटांनी पिळली जाते. कड पूर्ण लांबीभर चिकटवली की तोच कागद पिळाला दाद देत नाही. कागदाचे वजन तेवढेच राहिले, बदलला तो फक्त सांधा. मोनोकॉकचे सारे शास्त्र या बंद नळीत आहे.

७/
हे शास्त्र नवेही नाही. इटलीतील लान्सियाने भार पेलणाऱ्या बॉडीची ‘लॅम्ब्डा’ १९२२ मध्ये सादर केली. फ्रान्समध्ये सित्रोएनची ‘त्राक्सिओं आव्हां’ १९३४ मध्ये पूर्ण पोलादी मोनोकॉक बॉडी घेऊन मोठ्या उत्पादनात उतरली. ‘मोनोकॉक म्हणजे हल्लीची काटकसर’ हा आक्षेप या सनावळीपुढे टिकत नाही.

८/
याहून मोठी विसंगती घरातलीच आहे. ‘जुन्या गाड्या म्हणजे रणगाडे’ म्हणताना ज्या अँबेसेडरचे नाव घेतले जाते, ती मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली मोनोकॉकच होती. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी स्थापलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्यात बनणारी पद्मिनीही मोनोकॉकच. मंत्रालयाचे आवार आणि मुंबईच्या टॅक्सीथांब्यांनी दशकानुदशके ज्या ‘लोखंडा’चे गुणगान केले, ते हेच ‘पत्र्याचे डबे’ होते.

९/
विरोधी पक्षाचा एक मुद्दा मात्र रास्त आहे. मोनोकॉकमध्ये पत्रा हेच हाड असते. समुद्राच्या खाऱ्या हवेत पद्मिनीचा उंबरा गंजला की केवळ रंग उडत नसे, सांगाडाच झिजत असे. शिवाय तिचे इंजिन जेमतेम ४० अश्वशक्तीचे होते. शक्ती कित्येक पटींनी वाढली तर हे कवच पिळणार नाही काय?

१०/
पिळते, आणि त्याचे उत्तर १९६० च्या दशकातच दिले गेले. १९६४ ची फोर्ड मस्टँग मोनोकॉक होती. तिच्या उघड्या छताच्या आवृत्तीत छप्पर गेल्याने बंद नळी उघडी पडली, म्हणून तळ आणि उंबरे जादा पत्र्याने बांधावे लागले. १९६५ च्या ३०६ अश्वशक्तीच्या शेल्बी जीटी ३५० मध्ये पुढच्या सस्पेन्शनचे दोन बुरूज एकमेकांना आणि मागच्या पोलादी पडद्याला आडव्या-तिरक्या पट्ट्यांनी जोडले गेले.

११/
असे का? कवच पिळले की चाकांचे कोन बदलतात, स्टिअरिंगचा हुकूम उशिरा पोहोचतो आणि सस्पेन्शनचे काम बॉडी करू लागते. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत ठिपक्यांच्या वेल्डमधील मोकळी जागा सलग वेल्डने भरतात आणि आत नळ्यांचा पिंजरा बसवून पुढचे-मागचे बुरूज बांधतात. या उपायांत वजन वाढवणे हा हेतू नसतो. भिंतीतल्या आरपार दगडांचेच हे दुसरे रूप आहे.

१२/
म्हणून बॉनेटखाली चकचकीत दांडी लावून ‘चेसिस स्टिफ केली’ म्हणणे हा बहुधा देखावा असतो. जी दांडी टोकाला हलते, ती काहीच बांधत नाही. त्याहून घातक म्हणजे हौसेखातर छप्पर कापून सनरूफ बसवणे. ते भूकंपप्रवण गावात घराचा आडवा पट्टा तोडण्यासारखे आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतील बदलांना आवर घालते, ते उगाच नव्हे.

१३/
मोनोकॉक म्हणजे आपोआप सुरक्षित, असा उलटा भाबडेपणाही नको. ग्लोबल एनकॅपच्या २०१४ च्या चाचणीत शून्य तारे मिळवणारी मारुती अल्टो मोनोकॉक होती. २०१६ मध्ये शून्य मिळवणारी स्कॉर्पिओ शिडी-चेसिसची होती. दोन्हींत एअरबॅग नव्हत्या. २०१८ मध्ये पाच तारे मिळवणारी, रांजणगावात बनणारी नेक्सॉन पुन्हा मोनोकॉकच. निकाल जातकुळीने लागत नाही, घडणीने लागतो.

१४/
लोहाऱ्याच्या दक्षिणेला सोलापूर-हैदराबाद महामार्ग आहे आणि त्यावर आज २०० अश्वशक्तीच्या गाड्या धावतात. जुनी गाडी घेणाऱ्याने दार आपटून आवाज ऐकण्याऐवजी उंबऱ्याखालचा गंज पाहावा, खांबांवरचे वेल्ड पाहावेत आणि अपघातानंतर कवच मापात ओढून घेतले आहे का, हे विचारावे. जाडी पाहून निर्धास्त झोपण्याची किंमत या तालुक्याने एकदा मोजली आहे.