कागदावर मोकळी जागा ठेवा



आपली मुले विज्ञानाची उत्तरे घडाघडा म्हणतात. पण समोर पाण्याची बादली ठेवून ‘स्टीलची वाटी तरंगेल की बुडेल?’ असे विचारले, तर पुष्कळ मुले गप्प होतात. चुकलो तर लोक हसतील, ही भीती! ज्या समाजाचे तोंड पिढ्यान्‌पिढ्या बंद ठेवले गेले, त्याच्या लेकरांत ही भीती उरता कामा नये.

यावर चांगला उपाय म्हणजे कृतिपत्रिका. मात्र पुस्तकातील वाक्य उतरवून गाळलेली जागा भरायला सांगणारा कागद म्हणजे कृतिपत्रिका नव्हे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील 16 शाळांत 1972 साली विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यातील ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत तयार उत्तरे नव्हती. प्रयोग व प्रश्न होते. उत्तर मुलांनी स्वतः शोधायचे. सरकारने 2002 साली तो कार्यक्रम बंद केला, पण त्याची शिकवण आपल्या कामाची आहे.

साध्या वहीच्या पानावर चार रकाने आखा : वस्तू, माझा अंदाज, काय दिसले, असे का झाले असेल. वाटी, चमचा, खिळा, सालीसकट संत्रे आणि सोललेले संत्रे घ्या. अंदाज आधी लिहायचा आणि चुकला तरी खोडायचा नाही. वाटी चमच्यापेक्षा जड, तरी अलगद ठेवली तर तरंगते आणि चमचा बुडतो. सालीसकट संत्रे तरंगते, सोललेले बहुधा बुडते. मग ‘जड ते बुडते’ हे खरे कसे? वाटी पोकळ असल्याने आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, संत्र्याच्या सालीत हवा असते. पण हे लगेच सांगू नका. मुलांना आधी वाद घालू द्या. लिहिता न येणाऱ्याने चित्र काढावे.

केवळ परंपरेने आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे आपल्या संविधानातील कलम 51-क प्रमाणे नागरिकाचे मूलभूत कर्तव्यही आहे. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले, ते पोपटपंचीसाठी नव्हे.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात एक बादली ठेवा. आई-वडिलांनीही जवळ बसावे. शाळा शिकला नसाल तरी ‘तुला काय दिसले?’ एवढे विचारता येतेच. जयभीम!