काट्यावरचे ज्योतिषी

आमच्या लहानपणी रेल्वे स्टेशनावर वजनाचं यंत्र असायचं. रंगीत दिवे, काचेमागे गरगर फिरणारं चाक, पोटात नाणं पडलं की खळकन बाहेर येणारं पुठ्ठ्याचं तिकीट. त्यावर वजन आणि सोबत भविष्य. मला बहुतेक वेळा प्रवासयोग निघायचा. स्टेशनावर उभ्या असलेल्या पोरीला प्रवासयोग सांगायला कुठली विद्या लागते हा प्रश्न तेव्हा पडला नाही. तिकीट मात्र मी कंपासपेटीत जपून ठेवायची.

त्या यंत्राचा नातू आता ॲप होऊन माझ्या फोनात राहतो. जानेवारीच्या एक तारखेला लेकीने बंगळुरूहून सूचना देत देत माझ्याकडून तो बसवून घेतला. "आई, तू फक्त रोज सकाळी वजन टाकत जा. बाकीचं तो बघतो." मी टाकलं. वय ५४, उंची १५७ सेंटीमीटर, वजन ७८.४ किलो. त्याने आधी एक रडका लाल चेहरा दाखवला, मग एक हिरवी उतरती रेषा काढली आणि जाहीर केलं की आठवड्याला अर्धा किलो या गतीने मी २४ ऑगस्टला ६१.६ किलोची होणार. पावसाळा सरता सरता नाही, गणपतीच्या आसपास नाही. चोवीस ऑगस्ट. मुहूर्त काढणारे गुरुजीसुद्धा दोन-चार तारखा पुढे ठेवतात हो.

ही तारीख कुठून आली? किलोभर चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. रोज ५५० कमी खा, चौदा दिवसांत एक किलो उतरेल. या हिशोबाचं मूळ १९५८ सालचं. न्यूयॉर्कच्या मॅक्स विश्नॉफ्स्की नावाच्या डॉक्टरांनी पौंडाला ३५०० कॅलरी असं गणित मांडलं आणि तेव्हापासून ते वजन उतरवण्याच्या धंद्याचं पाढ्याचं पुस्तक झालं. आता त्या हिरव्या रेषेवर पट्टी ठेवा आणि तशीच पुढे ओढत न्या. तीन वर्षांनी माझं वजन शून्य भरतं. मी अंतर्धान पावते. ॲपला यात काही खटकत नाही, कारण रेषा सरळ असते आणि सरळ रेषा विकायला सोपी.

शरीर सरळ रेषेत चालत नाही. वजन उतरलं की लहान झालेल्या देहाला कमी इंधन लागतं, शिवाय देह स्वतःही काटकसर करायला लागतो. म्हणजे जानेवारीतली ५५० ची तूट ऑगस्टात ५५० ची उरत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये याचं गणित मांडलं. ढोबळमानाने, रोजच्या खाण्यातल्या २४ कॅलरी कायमच्या कमी केल्या तर शेवटी एक किलो उतरतं, आणि त्यातलंही निम्मं उतरायला एक वर्ष जातं. मी ५५० ला २४ ने भागलं, निम्मं केलं. वर्षाला साधारण साडेअकरा किलो. विश्नॉफ्स्कींच्या पाढ्याने तेच उत्तर २६ येतं. एवढी तफावत किराणा दुकानदाराने केली असती तर आपण त्याच्या काट्यावर वजनमापवाले बोलावले असते. बरं, हॉल यांच्या गणितावर चालणारं साधन त्याच सरकारी संस्थेने फुकट उपलब्ध करून दिलेलं आहे. म्हणजे ज्ञान नव्हतं अशी सबब नाही. पण 'वर्षाला साडेअकरा, तेही नेमाने राहिलात तर' या वाक्यावर वार्षिक वर्गणी कोण भरेल?

मग रोजचा आकडा. मे महिन्यात भाच्याचं लग्न झालं. दोन दिवस पंगती, जिलबी, मठ्ठा, वर रात्रीचं जागरण. तिसऱ्या दिवशी सकाळी काटा १.३ किलोने वर. ॲपने लगेच लाल बाण दाखवला: 'तुम्ही ध्येयापासून दूर जात आहात.' बाबा रे, १.३ किलो चरबी चढवायची तर रोजच्या जेवणावर दहा हजार कॅलरी जादा खाव्या लागतील. पुरणपोळीला तीनशे धरा, तेहतीस पुरणपोळ्या झाल्या. आमच्या घराण्यात असा एक पुरुष होऊन गेला म्हणतात, पण तो मी नव्हे. ते पाणी होतं. मीठ पाणी धरून ठेवतं, आणि भात-साखरेपासून शरीर जो साठा करतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी येऊन बसतं. चार दिवसांत ते उतरलंही. तेव्हा हिरवा बाण आणि 'शाब्बास!' मी काहीच केलं नव्हतं. पाणी आलं म्हणून शिव्या, पाणी गेलं म्हणून टाळ्या. पाणीपुरवठा खात्याचं काम माझ्या चारित्र्यावर लिहिलं जात होतं.

जेवणाच्या नोंदीची तर तऱ्हाच वेगळी. माघी गणेश जयंतीला मी उकडीचा मोदक शोधला. सापडलं 'स्वीट डंपलिंग, १ मध्यम'. आमटी टाकायला गेले तर 'लेंटिल सूप, १ बोल'. कुणाचा बोल? माझ्या घरात वाट्या चार प्रकारच्या आहेत: सासूबाईंच्या पितळी, माहेरच्या स्टीलच्या, दुकानात भेट मिळालेल्या आणि श्रीखंडाच्या. फोडणीला तेल मी पळीने घालते, आणि पळी किती भरली हे त्या दिवशीच्या भाजीवर आणि माझ्या मनःस्थितीवर अवलंबून असतं. यातून ॲप काढतं '३४७ कॅलरी'. तीनशे सत्तेचाळीस! अंदाजाला शेवटच्या आकड्यापर्यंत इस्त्री केली की तो शास्त्र दिसायला लागतो.

आणि ते ६१.६? तो आकडा बीएमआयच्या २५ वरून आलेला. वजन भागिले उंचीचा वर्ग, हे सूत्र एकोणिसाव्या शतकात केटले या बेल्जियन गृहस्थांनी काढलं. ते खगोलशास्त्रज्ञ होते, म्हणजे या साऱ्या ज्योतिष्यांत निदान तारे बघितलेले तेवढेच. एका माणसाचा लठ्ठपणा ठरवायला त्यांनी ते काढलंच नव्हतं. त्यांना 'सरासरी माणूस' शोधायचा होता. बीएमआय हे बारसं तर १९७२ साली अँसेल कीज यांनी केलं. भारतीयांसाठी आपले डॉक्टर २३ च्या पुढे सावध करतात आणि २५ ला लठ्ठ म्हणतात. तो २३ धरला तर माझं वजन ५६.७ हवं. म्हणजे ज्या दिवशी ॲप माझ्यावर फुलं उधळणार, त्याच दिवशी डॉक्टर मला लठ्ठ म्हणणार. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२. अंगाने बारीक दिसणारा भारतीय आतून कसा असतो हे इथे पुण्यात दाखवून झालेलं आहे, आणि माझा फोन अजून मला कमरेचा घेर विचारत नाही. बायकांच्या बाबतीत ८० सेंटीमीटरच्या पुढे धोका मानतात. शिंप्याकडची टेप पुरते त्याला. माझा घेर आठ महिन्यांत ९८ वरून ९१ वर आला. त्याची नोंद करायला ॲपमध्ये रकानाच नाही.

यातलं सगळं मी माफ केलं असतं. पण त्याने मला खोटं बोलायला शिकवलं. काट्यावर चढण्याआधी मी बांगड्या उतरवायला लागले. मग मंगळसूत्र. लग्नाच्या जेवणानंतर नोंद 'विसरायला' लागले. न्हायल्यावर केस ओले म्हणून उद्यावर ढकलायला लागले. चुलतसासरे गेले त्या दिवशी घरात माणसं बसलेली असताना फोन वाजला: 'तुमची ४१ दिवसांची साखळी तुटतेय! हार मानू नका!' मी आतल्या खोलीत जाऊन, सुतकात, वजन टाकलं. कालचंच. साखळी वाचली. कुणासाठी, ते विचारू नका.

नोंद ठेवू नये असं मी म्हणत नाही. आपण काय खातो, किती चढतो-उतरतो हे लिहिल्याने माणूस भानावर राहतो, यात शंका नाही. अमेरिकेत पिट्सबर्गला ४७१ तरुण माणसांवर दोन वर्षं एक प्रयोग झाला, तो २०१६ साली छापून आला. वजन उतरवण्याचा सल्ला सगळ्यांना होता. पण एका गटाच्या दंडाला हालचाल मोजणारं यंत्र बांधलं, दुसरा गट आपली नोंद आपणच करायचा. यंत्रवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलोने उतरलं, स्वतः नोंद करणाऱ्यांचं ५.९ ने. का, यावर विद्वान वाद घालोत. मला स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी रोज लिहिते तो दुधाचा हिशोब आठवला.

आता मी वजनही त्याच कॅलेंडरच्या चौकोनात लिहिते, दुधाच्या शेजारी, पेन्सिलीने. रीत जॉन वॉकर यांची. हे 'ऑटोडेस्क'चे एक संस्थापक. १९९१ साली त्यांनी वजनावर एक पुस्तक लिहून फुकट वाटलं. त्यांचं म्हणणं, आजचा आकडा खरा मानू नका, त्याचा दहावा हिस्साच माना. कालचा कल ७६, आज काट्यावर ७७.३, फरक १.३. त्याचा दहावा भाग कालच्यात मिळवा: ७६.१३. पंगतीचं अख्खं पाणी त्या दशांशात जिरून जातं. चौथीतली पोर करेल असं गणित. माझ्या ॲपमध्येही ते आहे. 'ट्रेंड' नावाच्या कुलपाखाली, पैसे भरणाऱ्यांसाठी. रोजची घालमेल फुकट, तिच्यावरचा उतारा विकत.

चोवीस ऑगस्टला सकाळी सात वाजता फोन वाजला. 'आज तुमचा मोठा दिवस! वजन नोंदवा.' काट्यावर ७२.९ भरले होते. साडेपाच किलो उतरले होते, गुडघा जिना चढताना कुरकुरायचा थांबला होता. मी बांगड्या हातातच ठेवल्या, फोन उचलला आणि ६१.६ लिहिलं. पडद्यावर रंगीबेरंगी कागदांचा पाऊस पडला, कुठलीशी तुतारी वाजली, एक सोनेरी चषक गरगर फिरला. एका रात्रीत अकरा किलोंहून जास्त उतरवणाऱ्या बाईला 'तुमची तब्येत बरी आहे ना' असं विचारावं, हे कुणाच्या मनात आलं नाही. कागद खाली बसायच्या आत चषकाखाली पिवळं बटण उगवलं: 'आता हे वजन टिकवा. वार्षिक योजना, फक्त १,४९९ रुपये.'