पडलं नाही त्याचाही हिशेब मांडा


‘एस-४०० च्या पैशात मराठवाड्याला पाणी आलं असतं’ हे आपल्याकडे मंगळवारी छापून आलेलं पत्र वाचून राहवलं नाही. पाण्याचं दुखणं चौसाळ्याच्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको, उन्हाळ्यात टँकरमागे आम्हीही धावतो. पण म्हणून एस-४०० सारखी क्षेपणास्त्र यंत्रणा न घेता अंगावर येणारं विमान येऊ द्यायचं?

८ मे २०२५ च्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन सोडले. एका रात्रीत तीनशे ते चारशे! त्यातले दहा जरी लष्करी तळावर किंवा वस्तीवर नीट पडले असते, तर हेच पत्रलेखक ‘सरकार झोपलं होतं का’ म्हणून लिहीत बसले असते. जे पडलं नाही त्याची किंमत कोणी वहीत मांडत नाही, राग येतो तो याचाच.

मी हवाई संरक्षण दलात सतरा वर्षं एल-७० तोफेवर काढली. चार-चार गोळ्यांची क्लिप वरून हातानेच भरायची. फायरिंग सुरू झालं की खाली रिकाम्या पुंगळ्यांचा ढीग साचायचा आणि रात्री झोपतानाही कानात तोच ठणठणाट. साठच्या दशकातली ही तोफ, पण तिला नवे कॅमेरे आणि आपोआप नेम धरणारी यंत्रणा बसवली आणि त्या रात्री तिने ड्रोन पाडले. स्वस्तातल्या ड्रोनवर कोट्यवधींचं क्षेपणास्त्र उडवायचं नसतं, त्याला तोफच हवी. पण तीनशे किलोमीटरवरचं विमान तोफ पाडणार आहे का? ते एस-४०० ने पाडलं, हे हवाई दलप्रमुखांनी ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरूत जाहीर सांगितलं. दोन्ही लागतं. घराला कुंपणही लागतं आणि दाराला कडीही.

जाब विचारायचाच तर असा विचारा : २०१८ मध्ये ५४३ कोटी डॉलरचा करार झाला, पथकं पाच ठरली, मग मे २०२५ मध्ये हातात तीनच का होती? आणि पूंछमध्ये माणसं पाकिस्तानच्या तोफगोळ्यांनी मेली. ते गोळे कुठलंच एस-४०० अडवत नाही, तिथे घरामागे पक्का बंकर लागतो. त्यासाठी पैसा मागा, मी सही करतो.

जाता जाता आमच्या भागाचं. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावात मराठवाड्यातून एकटं छत्रपती संभाजीनगर होतं. बीड जिल्ह्यात भोंगा वाजला नाही. इथे आभाळातून मरण येतं ते विजेचं. पुण्याच्या संस्थेचं ‘दामिनी’ ॲप वेळेवर इशारा देतं म्हणे, पण आमच्या शिवारात मोबाइलला रेंज नसते आणि कापसात वाकलेल्या बाईच्या हातात मोबाइलही नसतो. चौसाळ्याच्या ग्रामपंचायतीवर एक भोंगा बसवा आणि तो या ॲपच्या इशाऱ्यावर वाजवायला माणूस नेमा. मृगाच्या आधी.

– एक निवृत्त हवालदार, चौसाळा (ता. जि. बीड)