चौविहार, मधुमेह आणि परदेशप्रवास

व्यापारानिमित्त वा मुलांकडे परदेशी निघताना सामानाची तयारी चोख होते. औषधांच्या वेळांचा विचार मात्र राहून जातो. लंडनमध्ये डिसेंबरात दुपारी ४ च्या सुमारास सूर्यास्त होतो, तर जूनमध्ये रात्री ९ नंतर. चौविहार पाळणाऱ्या मधुमेही व्यक्तीने घरच्या सवयीने सायंकाळी गोळी वा इन्सुलिन घेतले आणि त्यानंतर पोटात अन्न गेले नाही, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून तिकीट काढताच प्रवासाचे वेळापत्रक डॉक्टरांना दाखवून औषधांची मात्रा व वेळा लिहून घ्याव्यात. स्वतःच्या मनाने बदल करू नये.

इन्सुलिन हातातील बॅगेतच ठेवावे. विमानाच्या मालकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते. जैन भोजनाची नोंद विमान कंपनीकडे आधीच करावी, तरीही खाखरे जवळ असावेत.

हात थरथरणे, घाम फुटणे, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. अशा वेळी चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून तत्काळ घ्यावी, मग सूर्यास्त झालेला असो वा नसो. त्यासाठी पच्चक्खाणातील आगार गुरुमहाराजांकडून निघण्यापूर्वीच समजून घ्यावेत. संकटसमयी विचारण्यास अवधी मिळत नाही.