दोन चाप, एक मैदान

मराठीत ‘चाप’ हा शब्द दोन वस्तूंना लागू पडतो. संस्कृतातून आलेला चाप म्हणजे धनुष्य, आणि बंदुकीचा चाप म्हणजे बोटाने ओढायची ती कळ. क्रॉसबो नावाच्या हत्यारात हे दोन्ही चाप एकत्र नांदतात. लाकडी किंवा धातूच्या दांड्यावर धनुष्य आडवे बसवलेले असते, ताणलेली दोरी एका खाचेत अडकवून ठेवलेली असते, आणि खालची कळ ओढली की ती सुटते. धनुष्य म्हणून पाहावे तर हातात दांडा येतो. बंदूक म्हणून पाहावे तर दारू कुठे दिसत नाही.

धनुर्विद्या मंडळांच्या स्पर्धा-मेळाव्यांत या क्रॉसबोवाल्यांना ‘या’ म्हणावे की नाही, यावर आमच्या बैठकीत दोन रविवार वाद झाला. वडूजला बसून हा प्रश्न चघळणे कोणाला रिकामपणाचा उद्योग वाटेल. तथापि सातारा जिल्ह्यात तो तितकासा परका नाही. फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह धनुष्य घेऊन उतरला. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी १४९-१४७ अशा गुणांनी जगज्जेती झाली. त्याच दिवशी, मूळचा नागपूरचा पण सरावासाठी साताऱ्यात आलेला ओजस देवतळे १५० पैकी १५० गुण मिळवून पुरुषांत जिंकला. या दोघांच्या हातात होते ते कंपाउंड धनुष्य.

आणि कंपाउंड म्हणजे काय? टोकांना कप्प्या बसवलेले, दोरी पूर्ण ताणली की हातावरचा भार पुष्कळसा उतरवणारे, भिंग लावून नेम धरू देणारे आणि दोरी बोटांऐवजी यांत्रिक कळीने सोडू देणारे धनुष्य. अमेरिकेतल्या होलिस अ‍ॅलनला त्याचे पेटंट १९६९ साली मिळाले. ‘हे धनुष्य नव्हे, यंत्र आहे’ हा आक्षेप त्यावरही पुष्कळ घेतला गेला. जागतिक स्पर्धेत त्याला १९९५ मध्ये जागा मिळाली, आशियाई खेळांत २०१४ मध्ये. ऑलिंपिकने तर एप्रिल २०२५ मध्ये कुठे दार किलकिले केले, तेही २०२८ साठी आणि केवळ मिश्र सांघिक स्पर्धेपुरते. ज्या जिल्ह्याचे नाव या उशिरा आत घेतलेल्या धनुष्याने जगात नेले, त्या जिल्ह्यातल्या लोकांनी तरी ‘यंत्र’ हा शब्द शिवीसारखा वापरू नये, असे आम्हांला वाटते.

शुद्धतेच्या या युक्तिवादाला आपल्या परंपरेतही फारसा आधार सापडत नाही. अग्निपुराणात धनुर्वेदाचा जो भाग आला आहे, त्यात शस्त्रांचे यंत्रमुक्त, पाणिमुक्त असे वर्ग केलेले आहेत; आणि गोफण व चाप यांनी जे सुटते ते यंत्रमुक्त, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे साधे धनुष्यच त्या ग्रंथाच्या लेखी यंत्र आहे! युरोपातली गोष्ट याहून गमतीची. ११३९ च्या लॅटरन धर्मपरिषदेने क्रॉसबोला ईश्वराला अप्रिय ठरवून ख्रिस्ती लोकांविरुद्ध त्याचा वापर निषिद्ध केला, हे सगळे सांगतात. त्याच कलमात साध्या धनुर्धारींचाही समावेश होता, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. एकाच वाक्यात दोघांनाही बाहेर काढले गेले होते. पुढे त्यांतला एक सभ्य खेळ झाला आणि दुसऱ्याच्या मागे बदनामी तेवढी राहिली.

महाभारत वाचणाऱ्याला आणखी एक गोष्ट खटकावी. एकलव्याला द्रोणांनी नाकारले, रंगभूमीवर कर्णाला कृपाचार्यांनी कुळ विचारले. या प्रसंगांत धनुष्य कोणते, कसे बनवले, दोरी कशाची, असा प्रश्न कोणीच करीत नाही. (द्रौपदीने सूतपुत्र म्हणून कर्णाला स्वयंवरात अडवल्याचा प्रसिद्ध प्रसंग भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने मुख्य संहितेत घेतलेला नाही, पण लोकमानसाने तो सोडला नाही, हेही बोलकेच.) आपल्याकडे हत्याराला अडवण्यापेक्षा माणसाला अडवण्याची सवय जुनी आहे. म्हणून ‘हे हत्यार चालणार नाही’ असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा त्या हत्यारामागे कोण उभा आहे, हे आम्ही आधी पाहू.

क्रॉसबोमागे बहुधा कोण उभा राहील? ज्याचा खांदा निकामी झाला आहे असा जुना तिरंदाज. ज्याला दोरी ताणता येते पण ताणून धरवत नाही असा साठीतला गृहस्थ. एका हाताने अधू असलेली मुलगी. साधन बदलले तर कोण खेळू शकते याची कल्पना कशी बदलते, हे शीतल देवीने दाखवले आहे. जन्मतः दोन्ही हात नसताना ती पायाने धनुष्य धरते, खांद्याला जोडलेल्या साधनाने दोरी ओढते, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये राकेश कुमारबरोबर तिने कांस्यपदक मिळवले. तिचे धनुष्यही कंपाउंडच.

इथवर आमच्यात एकमत होते. पुढचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो आम्ही झटकून टाकू इच्छीत नाही.

तिरंदाजीचे मर्म दोरी ताणण्यात नाही आणि सोडण्यातही नाही. ते त्या दोहोंमधल्या दोन-चार सेकंदांत आहे. पाठीचे स्नायू थरथरत असतात, श्वास अडलेला असतो आणि तेवढ्या वेळात डोळ्याने नेम पक्का करायचा असतो. कंपाउंडमध्ये हा भार हलका होतो, पण संपत नाही. दोरी अखेर माणसानेच धरलेली असते. क्रॉसबोत ती खाच धरते. माणूस हवा तितका वेळ थांबू शकतो. नेम, वारा, श्वास, कळीवरचे बोट यांचे कौशल्य तेथेही लागते, आणि ते थोडे नव्हे. परंतु ते नेमबाजीच्या कुळातले कौशल्य आहे. दोघांचे गुण एकाच तक्त्यात मांडले तर दोघांवरही अन्याय होईल.

यावर उपाय मात्र आपल्या मैदानांवर आधीपासून आहे. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत बांबूच्या धनुष्याचा ‘इंडियन राउंड’ वेगळा, रिकर्व्ह वेगळे, कंपाउंड वेगळे. रिकर्व्हवाला सत्तर मीटरवरून मारतो, कंपाउंडवाला पन्नास मीटरवरून, लहान लक्ष्यावर. स्पर्धा एकच, माप निराळे. कुस्तीतही माती आणि गादी असे दोन विभाग आपण करतोच. तेथे दोन्हींचे विजेते महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत भेटतात, कारण अंगाखालची जमीन बदलली तरी अंग तेच असते. क्रॉसबोच्या बाबतीत ही भेट आम्ही सुचवणार नाही. साहित्याच्या वाचकांना जवळचे उदाहरण हवे असेल तर कवी अनिलांच्या मुक्तछंदाचे घ्यावे. ‘ही कविता आहे काय?’ हे पुष्कळ विचारून झाले. पण अखेर तिच्या मात्रा मोजत कोणी बसले नाही, आणि व्यासपीठावरून तिला कोणी खाली उतरवलेही नाही.

‘आज क्रॉसबो, उद्या एअर रायफल; रेघ कोठे ओढणार?’ असा प्रश्न आमच्यातल्याच एकाने टाकला. रेघ ओढता येते. वाकलेल्या धनुष्यात माणसाने आपल्या बळाने साठवलेली शक्ती जेथे बाण फेकते, तेथवर हे कुळ आहे. दारू आणि दाबलेली हवा त्या रेघेच्या पलीकडे.

उरतो सुरक्षेचा मुद्दा, आणि तेथे आम्ही सवलत मागत नाही. मैदानावर दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचे, एक झाली की बाण सोडायचे, तीन झाल्या की बाण काढायला पुढे जायचे. मध्येच कोणी ‘थांबा’ म्हणाले तर धनुर्धारी दोरी हळूच मागे सोडतो आणि धोका संपतो. क्रॉसबो भरलेला तो भरलेलाच राहतो. तो रिकामा करायचा तर बहुधा बाण मारावाच लागतो. भरलेला क्रॉसबो हातात घेऊन कोणी हाकेसरशी मागे वळला, तर त्याचे टोक रांगेतल्या पोरांकडे होते. शिवाय त्याचा आखूड बाण नेहमीच्या लक्ष्यात फार खोल शिरतो. तेव्हा त्यांची फेरी स्वतंत्र असावी, लक्ष्य अधिक जाड असावे, आणि रेषेवर उभे राहण्यापूर्वी क्रॉसबो भरू नये. मंडळाला एवढी व्यवस्था करणे शक्य नसेल तर त्याने सरळ नाही म्हणावे. ते नाही आम्हांला समजेल. ‘आमच्या पवित्र विद्येत हे चालत नाही’ हे समजणार नाही.

मंडळांची एक न बोललेली भीतीही आहे, ती प्रमाणपत्राची. दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण हे सारे मान्यताप्राप्त खेळाच्या कागदावर अवलंबून असते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात गाजल्यानंतर तर शेतमजुराच्या मुलालाही आपला कागद दहादा दाखवावा लागतो. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या स्पर्धांत क्रॉसबो नाही. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना वेगळी आहे, १९५६ पासूनची. म्हणून पाहुण्यांच्या फेरीचे निकाल धनुर्विद्येच्या अधिकृत निकालपत्रात मिसळू नयेत, आणि त्यांना दिलेल्या कागदावर ‘निमंत्रितांची फेरी’ असे स्वच्छ लिहिलेले असावे. येथे ढिलाई झाली तर तिची किंमत क्रॉसबोवाला मोजणार नाही, पोटाला चिमटा घेऊन धनुष्य घेतलेले पोर मोजेल.

तेवढे सांभाळून बोलवावे, असे आमचे मत झाले. पहिले बोलावणे खांद्याच्या दुखण्याने मैदान सोडून गेलेल्यांना धाडावे, असेही ठरले. फलकावर त्या फेरीचे नाव काय लिहायचे, यावर मात्र जमले नाही. एकाला ‘आडधनुष्य’ हवे होते, दुसऱ्याला ‘यंत्रचाप’. तिसरा म्हणाला, खेळणारे जे म्हणतात ते लिहा. तूर्त ‘क्रॉसबो’ असेच लिहावे, असे बहुमत पडले.